बाईंपुढं खोकायचं नाही

आमच्या वाडीत सहा वर्षं कोणी आजारी पडलं नाही, असं रेडकर बाई धरून चालल्या होत्या. आता ही बाई काही भोळीभाबडी नव्हती. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून राबून रिटायर झालेली. माणूस दारातून आत आला की त्याच्या चालण्यावरून ताप ओळखणारी. ती असं कसं मानेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण माणूस फार दमला की त्याला जे बघायचं नसतं ते समोर असूनही दिसत नाही. आणि आम्हीही काही कमी नव्हतो. आम्ही ते दिसूच दिलं नाही.

मी जीपवाला. घोडेगावहून वर भीमाशंकरपर्यंत माझ्या खेपा. जाताना देवाची माणसं, येताना वाडीवस्तीची. पंचवीस वर्षं तोच घाट, तीच वळणं, तेच धुकं. कंबर कामातून गेलीय. पोरगी म्हणते, बाबा, गाडी विका आता. विकीन. पण बाईंचं एकदा सांगून टाकायचं मनात आहे. वाडीत लोक अजून मला विचारतात, मी अजून खोटं बोलतो, आणि खोटं बोलण्याचाही शेवटी शीण येतो हो.

बाई पहिल्यांदा आल्या त्या माझ्याच गाडीतून. दर्शनाला निघालेल्या दहाबारा जणांत या एकट्या, खिडकीशी बसलेल्या. आमच्या वाडीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. बाकीचे पावणे लागले कुरकुरायला, किती वेळ लागणार, अभिषेक चुकणार. या बाई गुमान उतरल्या, रस्त्याकडेच्या कातळावर जाऊन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी चाक बदललं, हात पुसले, हाक मारली. हलल्याच नाहीत. मला वाटलं, घेरी आली बहुतेक. जवळ गेलो तर डोळे न उघडता म्हणाल्या, "थांब जरा." मी थांबलो. गाडीतले लोक माझा उद्धार करतायत आणि मी आपला उभा.

मग त्यांनी विचारलं, "इथं नेहमी असंच असतं? काही वाजत नाही?"

"पावसात बेडकं लई वराडत्यात, बाई."

"बेडकांचं चालेल," त्या म्हणाल्या. "इथं राहायला घर मिळेल का कुणाचं?"

त्या दिवशी त्या वर गेल्याच नाहीत. आमच्या घरी माझ्या आईजवळ बसून राहिल्या, चुलीवरचा चहा प्यायल्या आणि संध्याकाळच्या खेपेला खाली उतरल्या. देव राहिला तो राहिलाच. पुढं आठ वर्षं इथं काढली, पण भीमाशंकराचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. मी कधी टोकलं तर म्हणायच्या, "त्याच्याकडं येणारे पुष्कळ आहेत रे. त्याला तरी कुठं सवड."

वाडीत एक घर रिकामं पडलं होतं. मालक पोराकडं मंचरला राहायला गेलेला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं हिरड्याची झाडं. बाईंनी ते घेतलं. लग्न केलेलं नव्हतं, एक बहीण ठाण्याला. सामान आलं ते माझ्याच गाडीतून, एका खेपेत. लोखंडी कॉट, दोन पेट्या, चार भांडी. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर इतकंच? मी विचारलं, "बाई, कुठं होता नोकरीला?" तर म्हणाल्या, "सरकारी ऑफिसात. कागदांचं काम." आणि पुढं काही विचारू नये अशा बेतानं पेटीचं कडी-कुलूप बघायला लागल्या.

बाईंच्या घरात वाजणारी वस्तू नव्हती. कुकर नाही, कारण शिट्टी. भात पातेल्यात. मोबाईल होता, पण त्याचा आवाज कायमचा बंद, पिठाच्या डब्याशेजारी पडलेला असायचा. वाडीतल्या सोमाकडून त्यांनी एक शेळी घेतली, ती सोमा गळ्यातल्या घुंगरासकट घेऊन आला. बाई म्हणाल्या, "हे तेवढं काढ." सोमा म्हणाला, "बाई, घुंगूर नसलं तर शेरडी सापडायची न्हाई जंगलात." त्या म्हणाल्या, "असू दे." तिसऱ्या दिवशी शेळी हरवली. सगळी वाडी दोन दिवस रानात हाका मारत हिंडली. सापडली करवंदीच्या जाळीत अडकलेली. सोमा घुंगूर घेऊन परत दारात हजर. बाई म्हणाल्या, "सोमा, बेल वाजली की मी उठते. बसल्या जागी उठते. मला नको ते." सोमाला काही कळलं नाही. त्यानं शेळीच परत नेली आणि रोज सकाळी तांब्याभर दूध आणून द्यायला लागला.

'असू दे' हा त्यांचा पेटंट शब्द. कौल गळतंय, असू दे. लाईट गेली, असू दे. वाण्यानं डाळीत खडे दिले, असू दे. मला लई राग यायचा. आपण भांडायच्या तयारीनं जावं आणि समोरच्यानं असू दे म्हणावं, यासारखा अपमान नाही. एकदा मी म्हणालोच, "बाई, कशाचाच राग येत नाही का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "येतो ना. पण राग आला की उठावं लागतं, बोलावं लागतं. मी बसायला आलेय इथं, दिनकर."

बसायच्या मात्र मन लावून. सकाळी ओट्यावर, दुपारी मागच्या पडवीत, संध्याकाळी त्या कातळावर. हातात काही नाही. पुस्तक नाही, माळ नाही, निवडायला तांदूळ नाहीत. आमच्या बायकांना ते बघवायचं नाही. रिकामे हात घेऊन बसणं आमच्याकडं फक्त सुतकात.

बाई नर्स आहेत हे ओळखलं माझ्या आईनं. महिनासुद्धा झाला नव्हता. आईला वाडीत सगळे सखुआत्या म्हणायचे. शाळेचं तोंड न बघितलेली, पण नजर अशी की हिरड्याच्या ढिगातला किडका हिरडा लांबून उचलेल. ती नाचणीची भाकरी द्यायला बाईंकडं गेली आणि येऊन गप्प बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "ती बाय हाफिसातली न्हाई. दवाखान्यातली हाय."

"कशावरनं?"

"चादर पायलीस का तिची? चारी कोन दुमडून गादीखाली दाबल्यालं, घडी बी मोडत न्हाई. हात धुती ते कोपरापतुर. घड्याळ मनगटाच्या आतल्या अंगाला बांधती. आन् सोमाच्या पोरीचा हात धरला लाडानं, तर बोटं बराब्बर नाडीवर. आन् नजर घड्याळाकडं." आईनं आपला हात झटकून दाखवला. "मंग एकदम हात सोडला. चटका बसल्यावानी."

माझा बाप गेला तेव्हा आई त्याच्या उशाशी बावीस दिवस पुण्याच्या दवाखान्यात जमिनीवर झोपली होती. त्यामुळं तिला हे सगळं माहीत. मला वाटलं, झालं, उद्यापासून बाईंच्या दारात रांग लागणार. घोडेगावला दवाखान्यात जायला गाडीभाडं, दिवस मोडतो, आणि इथं घरात आयती नर्स. मी हिशेबी माणूस, मला तर आनंदच झाला.

भाताची लावणी चालू होती. आमच्याकडं लावणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सगळी वाडी एका जागी, गुडघाभर चिखलात. तिथं आईनं कंबर सरळ केली आणि सांगितलं, "ती नवी बाय नर्स हाय. तिनं आपनहून सांगितल्यालं न्हाई, तवा आपन बी इचारायचं न्हाई. कुनी दुखनं घिऊन तिच्या दारात जायचं न्हाई. तिच्या म्होरं खोकायचं बी न्हाई."

सोमाची बायको तुळसा म्हणाली, "आत्या, मंग आपल्याला फायदा काय तिच्या नर्स असन्याचा?"

"तुला कशाला फायदा? तिचा व्हऊ दे की."

आणि मग आईनं चिखलातच उभं राहून सांगितलं. मला ते आधी माहीत नव्हतं. "दिन्याचा बाप व्हता त्या वार्डात एक नर्स व्हती. डबा हातात धरून उभ्यानं खायाची. एक घास खाल्ला की कुनीतरी हाक मारायचं. बावीस दिसांत तिचा डबा संपल्याला मी पायला न्हाई. मी बी मारल्या हाका. माझा मानूस मरत व्हता, मी कशाला थांबू? पर तिचं तोंड माझ्या ध्यानात हाय. ही बाय बी तसलीच कुठनंतरी आलीय. बसू द्या तिला."

आईचा शब्द मोडायची वाडीत कुणाची टाप नव्हती. तो दिवस आणि पुढची सहा वर्षं.

आता एकदा ठरलं म्हटल्यावर आमच्या लोकांनी त्याचा असा काही अतिरेक केला की विचारू नका. पोरांना शेंबूड आला की त्यांना बाईंच्या घरापुढनं जायला बंदी. म्हातारी माणसं बाईंच्या ओट्यासमोर आली की काठी काखेत मारून ताठ चालायची आणि पुढच्या वळणावर मटकन बसायची. सोमाचा एकदा लाकूड तोडताना कोयत्यानं हात कापला. तो माझ्या गाडीकडं निघाला आणि वाटेत बाई भेटल्या. त्यानं हात घोंगडीखाली घेतला. भर वैशाखात घोंगडी! बाईंनी त्याला विचारलं, "सोमा, थंडी वाजते?" हा म्हणतो, "व्हय, हवा सुटलीय जरा." आणि पायानं माती लोटून रक्ताचे थेंब झाकतोय. पुढं त्या हाताला टाके पडले, आणि सोमा शहाणा महिनाभर हात खिशात घालून हिंडला.

खालच्या वस्तीवर रस्ता नाही. तिथलं कुणी आजारी पडलं की झोळीत घालून दोघांच्या खांद्यावर वर आणायचं, ही पहिल्यापासूनची रीत. सरळ वाट बाईंच्या ओट्याला घासून जाते. आईच्या हुकमानंतर झोळी त्या वाटेनं आली नाही. खाचरांच्या बांधावरनं, वळसा घेऊन ओढ्यातनं, लांबच्या वळणावर माझी गाडी उभी असायची तिथं. अर्धा तास जास्त. पावसात तर बांधावर पाय ठरत नाही. तुळसाला बाळंतपणाला अशीच नेली, ओढ्यातनं. बाईंनी विचारलं तर सांगायचं, माहेरी गेलीय. कुणी म्हातारं गेलं तर सांगायचं, वय झालं व्हतं. ते खोटंही नव्हतं.

मी आईशी भांडलो एकदा. तुकाराम मामाच्या छातीत कळ आली होती, घामानं भिजलेला, आणि हे शहाणे त्याला बांधावरनं नाचवत आणतायत. वाचला तो, नशीब त्याचं. घरी आल्यावर मी ताट लोटलं. म्हणालो, "उद्या कुनी मेलं त्या वाटंवर, तर पाप कुनाच्या माथी?"

आई म्हणाली, "ती यायच्या आदी आपन मरत नव्हतो का? आपल्या मरनाला ती यीस्तोवर कुनी नर्स व्हती का? आपलं आपुन बघायचं."

मी लोटलेलं ताट परत पुढं ओढलं.

आणि बाईंना हे काहीच कळलं नाही का? मी यावर लई विचार केलाय. मला वाटतं, त्यांनी कळू दिलं नाही स्वतःला. मोबाईलला रेंज फक्त त्या कातळावर यायची. एकदा त्या बहिणीशी बोलत होत्या आणि मी खाली टायर बघत होतो. म्हणाल्या, "अगं, इथली हवाच निराळी. इतक्या वर्षांत आजारी माणूस बघितला नाही मी. ऐंशीची माणसं ताठ चालतात. खरंच सांगते." आवाजात असा आनंद, जसा एखाद्या लहान पोरीला जत्रेत होतो. त्याच दिवशी सकाळी मी दोन पेशंट घोडेगावला टाकून आलो होतो. मी नट आवळत बसलो.

मग आईच पडली. पायांवर सूज, दम लागायचा, चार पावलं टाकली की भिंत धरायची. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, वय आहे, घरी न्या, सुखानं राहू द्या. मी घरी आणली आणि पडवीत तिची बाज टाकली. तिनं घरात सगळ्यांना बजावलं, बाईंना म्हणायचं, सखूबाई जुन्नरला भाचीकडं गेलीय. चार दिवस आम्ही ते नाटक केलं. पण आईचा श्वास वाजायला लागला होता, आणि श्वासाला काय सांगणार, हळू घे म्हणून?

पाचव्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारावरनं चालल्या होत्या. थांबल्या. मी अंगणात होतो, आडवा झालो, म्हणालो, "बाई, चहा टाकतो, बसा बाहेरच." त्यांनी मला हातानं बाजूला केलं. इतक्या वर्षांत कुणाला हात लावून बाजूला करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आत गेल्या. बाजेजवळ वाकल्या, आईच्या पाठीमागं दोन गोधड्यांची उशी केली, तिला अर्धवट बसती केली. श्वास जरा मोकळा झाला. मग मनगट धरलं आणि घड्याळ बघितलं.

"सखूबाई, मी नर्स आहे," बाई म्हणाल्या. एखादी चोरी कबूल करावी तशा.

"ठावं हाय," आई म्हणाली.

"दिनकरनं सांगितलं?"

"त्याला काय कळतंय. मला पयल्या महिन्यापसनं ठावं हाय. समद्या वाडीला ठावं हाय."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळूहळू एकेक विचारायला लागल्या. सोमाची घोंगडी? कोयता लागला व्हता. तुळसाचं माहेर? बाळंतीन व्हती, वड्यातनं नेली. तुकाराम? छातीत कळ. आई दम घेत घेत सांगत होती आणि तिला त्यात जरा मजाही वाटत होती, ते मला दिसत होतं. बाईंचं तोंड मात्र पांढरं पडत चाललं. शेवटी त्या जमिनीवरच बसल्या.

"मग मला बोलावलं का नाही?"

"तू दमून आली व्हती, बाय."

बाई रडल्या. आवाज नाही, पदर तोंडात, खांदे हलतायत. म्हणाल्या, "आणि मला वाटलं, इथली हवा चांगली आहे."

"हवा चांगलीच हाय," आई म्हणाली.

त्यानंतर आई आठ दिवस जगली. बाई तिच्याजवळून हलल्या नाहीत. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं त्यांच्या हातानं, आणि असं सफाईनं की आईनं एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. माझ्या आईला चांगलं मरण आलं, ते बाईंमुळं. हे ऋण मी विसरणार नाही. आणि तरी सांगतो, त्यांनी त्या दिवशी आमच्या दारावरनं जायला नको होतं.

कारण तेराव्याला, जेवणं उठल्यावर, बाई आमच्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आजपासून माझ्यापासून कुणी काही लपवायचं नाही. दुखलं-खुपलं की माझ्याकडं यायचं. सरळ वाटेनं." लोकांनी माना हलवल्या. तुळसानं डोळ्याला पदर लावला. मलासुद्धा बरं वाटलं. आई असती तर नाही म्हणाली असती, पण आई नव्हती.

पहिले चार महिने लोक लाजत आले. हातात काकडी, वाटीभर वरई, मग हळूच, बाई, जरा गुडघा बघता का. मग लाज गेली. मग शेजारच्या वाड्यांना कळलं. मग डोंगरापल्याडनं माणसं यायला लागली, मोटारसायकलीवर तिघंतिघं बसून, दारात हॉर्न वाजवत. बाई औषध देत नव्हत्या, तो त्यांचा अधिकार नाही असं सांगायच्या, पण जखम धुणं, पट्टी बदलणं, बाळंतिणीवर नजर, कुणाला तातडीनं खाली न्यायचं आणि कुणाला नाही, हे सगळं. सरकारी नर्स ताई महिन्यातनं एकदा यायच्या त्या दिवशी या त्यांच्याबरोबर घरोघर. कुणाला नाही म्हटल्या नाहीत. मी म्हणायचो, बाई, वेळ ठरवा, सकाळी दोन तास, बास. त्या म्हणायच्या, "सहा वर्षं तुम्ही लोक ओढ्यातनं गेलात रे." त्यांच्या डोक्यातून तो ओढा गेलाच नाही.

आणि मी काय धुतल्या तांदळाचा? घाटात गाडीत कुणाला मळमळलं, घेरी आली की मी बाईंच्या दारात ब्रेक मारायचो. पंधरा पावणे उतरायचे, बाईंच्या ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, फोटो काढायचे. पोरीला ताप आला, मीच नेली. मेव्हण्याची शुगर, मीच आणला खालून त्याला, मोठेपणानं, की आमच्या घरातल्याच आहेत म्हणून. दुसऱ्याला वेळ ठरवा म्हणून सांगणारा मी, माझी वेळ मात्र कुठलीही.

दोन वर्षं असं चाललं. एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो, तर बाई चुलीपाशी उभ्या. ताट वैलावर ठेवलेलं, भाकरीचा तुकडा हातात. बाहेर ओट्यावर कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं आणि त्याची आई हाका मारत होती, बाई, अवो बाई. त्यांनी तुकडा ताटात ठेवला, हात धुतले, कोपरापर्यंत, आणि बाहेर गेल्या. मी त्या ताटाकडं बघत उभा राहिलो. मला एकदम आईचं बोलणं आठवलं आणि माझीच मला शिसारी आली. जिला बसायला म्हणून आम्ही जागा दिली, तिला आम्हीच उभी केली होती.

त्यानंतर आठच दिवसांनी, सकाळी सात वाजता, मी गाडी पुसत होतो. बाई आल्या. हातात एक पिशवी.

"खाली निघालायस?"

"व्हय. घोडेगाव. बसा."

त्या पुढं बसल्या. दुसरं कोणी यायच्या आत निघ म्हणाल्या. दोन वळणं गेल्यावर बोलल्या, "दिनकर, मला कुठंतरी सोड. जिथं मला कुणी ओळखत नाही."

मी गाडी बाजूला घेतली.

"मला नाही म्हणता येत नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला यायचं. माझ्या वतीनं तीच म्हणत होती इतकी वर्षं. मला काही ते जमलं नाही. आता कुणी हाक मारली की मला माणूस दिसत नाही, नुसती हाक ऐकू येते. परवा मी एका पोराला रागानं धरलं. हाताला वळ उठला त्याच्या. आता थांबलं पाहिजे."

घाट उतरलो. घोडेगावला थांबलो नाही, मंचर मागं टाकलं, नारायणगावावरनं खोडदच्या अंगाला वळलो. मी कांदा-टोमॅटोच्या गाड्या मारायचो तेव्हाची एक ओळखीची आजी तिथं राहते, एकटी, मळ्यात. खोडद म्हणालो तेवढं पुरे, कुणाचा मळा ते विचारू नका. तिची मागची खोली रिकामी होती. खिडकीतून शेतं, आणि शेतांच्या पलीकडं आभाळाकडं तोंड करून उभ्या असलेल्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड पांढऱ्या डिश.

आजी दारात बसली होती, पाय लांब करून. पाय सुजलेले, चकचकीत. मी बघितलं, आणि बाईंनीही बघितलं. बाईंची पिशवी खाली गेली. त्या वाकणार, तेवढ्यात मीच पुढं झालो आणि म्हणालो, "आजी, ही माझी मावशी. आराम करायला आणलीय. आन् तुमचं पाय लई सुजल्यात, मंगळवारी मी यीन, नारायणगावला डॉक्टरला दाखवू."

"बरं व्हईल बाबा," आजी म्हणाली. मग बाईंकडं वळून, "तुमी काय करीत व्हता वो, मावशी?"

"काय नाय," मी म्हणालो. "घरीच असायची."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवी उचलली आणि आत खोलीत गेल्या.

वाडीत गेल्यावर मला घेरलंच सगळ्यांनी. बाई कुठं? मी सांगितलं, बहिणीकडं गेल्या, ठाण्याला. न सांगता? व्हय, न सांगता. तुळसा म्हणाली, "अशी कशी गेली? माझ्या सासूची पट्टी कोन बदलनार?" माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तू बदल. हात मोडल्यात का तुझं?" ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पट्टी तिनंच बदलली, आणि बाईंनी दाखवली होती तशीच.

मंगळवारी मी खोडदला गेलो. अकरा वाजले असतील, ऊन चढलेलं. आजी लुगडं बदलून तयार बसली होती. मी विचारलं, "मावशी कुठाय?"

आजीनं हातानं मागं दाखवलं. खोलीचं दार सताड उघडं. बाई कॉटवर झोपलेल्या, कुशीवर, तोंड भिंतीकडं. चादर अर्धी खाली लोंबत होती. एक हात कॉटच्या बाहेर आलेला, बोटं उघडी. हातात घड्याळ नव्हतं. मी आठ वर्षांत बाईंना झोपलेलं पाहिलं नव्हतं.

"लई झोपती वो तुमची मावशी," आजी दबक्या आवाजात म्हणाली. "जेवती की झोपती, उठती की परत झोपती. आजारी-बिजारी हाय का?"

"नाय," मी म्हणालो. "आजारी नाय. झोपू द्या."

"उठवू का? तुमी आल्याचं सांगू?"

"नको. काही सांगू नका."

मी वाडीतून आणलेली नाचणीच्या पिठाची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, आजीचा हात धरला आणि चपला काढून हातात घेतल्या. गाडीपर्यंत तसाच गेलो.